मे महिन्यात काम सोडलं म्हणून पगार बुडत नाही
भर सीझनमध्ये मालवणच्या रिसॉर्टमधलं काम सोडलंत, म्हणून मालक 'पगार विसरा' म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय, आणि इथे उत्तर देणाऱ्या दोघांनीही मालकाचीच री ओढलीय. मे महिन्यात माणूस गेला की त्याची तारांबळ उडते, मान्य. पण केलेल्या दिवसांचे पैसे द्यावेच लागतात. वेतन संहिता २०१९, कलम १७ प्रमाणे राजीनाम्यानंतर कामकाजाच्या दोन दिवसांत. नेमणूकपत्रात नोटिशीची अट असेल तर तेवढ्यावर तो भांडेल. पत्रच दिलं नसेल (आपल्याकडे देतो कोण?) तर त्याचं म्हणणं लंगडं. हजेरीवहीचा फोटो, मागच्या पगारांचे जीपे स्क्रीनशॉट जमवा, व्हॉट्सअ‍ॅपवर तारखा घालून मागणी करा. फोनवर नको, पुरावा राहत नाही. नाहीच दिले तर कामगार कार्यालयात अर्ज टाका. पीएफ कापला असेल तर तो तुमचाच, त्याला मालक हात लावू शकत नाही.