माळवद परत आणा म्हणे!

ओळंबा
काल एकाने माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचा देखणा फोटो टाकून लिहिलंय, 'ही घरं परत बांधा, सिमेंटने मराठवाड्याची भट्टी केली.' खाली बदामांचा पाऊस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर पट्ट्यात ६.२ चा धक्का बसला. आठ-दहा हजार माणसं गेली. मारलं कुणी? घरांनी. दोन-तीन फुटी भिंत, म्हणजे आतून दगडांचा एक थर, बाहेरून एक थर, मधे दगडाच्या चिपा आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटलेच. वर माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना कोण काढतंय? पणजोबापासूनची माती डोक्यावर. उन्हाळ्यात गार वाटतं ते हिच्यामुळे, आणि माणसं गुदमरली तीही हिच्याखाली.

तेरणाकाठ
फोटोवाल्याची बाजू घेत नाही, पण माळवदाला सरसकट फासावर देऊ नका. आमचं घर खणाचं, म्हणजे लाकडी खांब-तुळयांवर उभं. भिंती ढासळल्या, पण माजघरातले खांब-तुळया जागच्या हलल्या नाहीत. आजी दोन खांबांच्या मधे निजलेली. दहा वाजता बाहेर काढली, पहिलं वाक्य, 'म्हस सोडली का रं?' वडील भिंतीकडेला होते.

सायटीवरचा
माती वाईट आणि सिमेंट देव, असं आहे का? २००१ ला भुजचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या वर असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्या इमारती बसल्या. खाली मोकळं पार्किंग, वर विटांच्या भिंतींचं ओझं. आज लातुरात काय वेगळं बांधतोय आपण? कॉलममधल्या उभ्या गजांना आवळणाऱ्या रिंगेचं टोक १३५ अंशात आत वळवायचं असतं. मी एका सायटीवर काटकोनात सोडलेल्या रिंगा पकडल्या तर मालक म्हणतो, 'साहेब, काँक्रीट ओतल्यावर कोण बघतंय?' मला तिथून काढलं. रिंगा तशाच आहेत.

ओळंबा
सिमेंटला देव म्हटलेलं वाक्य दाखवा, फेटा बांधतो.

तेरणाकाठ
रिंगा सोडा, पुनर्वसनाबद्दल बोला की. ५२ गावं उचलून नव्या जागी मांडली. ज्याला जमीन नाही त्याला २५० चौरस फुटांचं घर, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपाने सगळ्यांना सारखं पाडलं, कागदाने परत उतरंड लावली. रस्ते एवढे रुंद की समोरच्या वाड्यातल्या काकूंना हाक ऐकू जाईना. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, कुणी विचारलं?

ओळंबा
आणि मग तुम्ही काय केलंत? भूकंपरोधक घराला चिकटवून जुन्याच धोंड्यांची मातीत रचलेली खोली! पाहिलीत मी डोळ्यांनी.

तेरणाकाठ
हो, केली. २५० फुटांत पाच माणसं झोपवून दाखवा, मग शिकवा.

कोयनाकाठ
तुमचं किल्लारी तरी लोकांना आठवतं. आमच्याकडे ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर पडलं, धरणाला तडे गेले, आणि अजून भांडी वाजतात. आज्ज्याने उशाला पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा, डबा वाजला की सगळे अंगणात. धरणाच्या पाण्याने जमीन हलते, यावर कुणी बोलतच नाही.

सायटीवरचा
बोलतात हो, साठ वर्षं तेच बोलतात. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात तुम्ही झोन चारमध्ये आहात. किल्लारी १९९३ ला सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होतं! २००२ च्या मानकात तिसऱ्यात नेलं. भूकंपाआधी, १९९२ च्या ऑक्टोबरात तिथे धक्क्यांची रांग लागली होती, तरीही झोन एकमध्येच.

ओळंबा
हे मान्य. आणि खणाचंही मान्य, घ्या. लाकडाचा सांगाडा नीट जोडलेला असेल तर तो तगतो. पण आज तेवढं सागवान घेणार कोण? फोटोवाला?

तेरणाकाठ
उशिरा का होईना, मान्य केलंत. त्या चिकटवलेल्या खोलीत आता म्हस असते, पोरं नाही झोपत. पाडणार नाही. काय करायचं तेवढं सांगा, भाषण नको.

ओळंबा
दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक आरपार दगड. दारावरच्या पातळीला चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा, आत दोन गज. कोपऱ्यात गज तोडायचे नाहीत, वळवून पुढे न्यायचे. गवंडी 'कशाला' म्हणेल. तेव्हा तिथेच उभे राहा.