हॅचबॅकमधली घरघर: दिवाळीच्या सुट्टीत घरच्या घरी डॅम्पिंग करावं का?

कडीपत्ता (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. गाडी साधी हॅचबॅक, 3 सिलिंडर पेट्रोल, 2019 चं मॉडेल. शहरात काही तक्रार नाही. पण बहिणीकडे नागपूरला निघालो, समृद्धीवर काटा शंभरला टेकला, की आत नुसती घरघर. माझ्या आईला कानाचं यंत्र आहे आणि ती मागे डाव्या बाजूला बसते. यंत्र बिचारं माझ्या बोलण्याबरोबर ती घरघरही वाढवून तिच्या कानात ओततं. मग ती वैतागून यंत्र काढते, डबीत ठेवते आणि जालन्यापासून वर्ध्यापर्यंत आमचा कारभार खाणाखुणांवर चालतो.

जालना रोडवर एका दुकानात विचारलं. चार दारं, फ्लोअर, छत, डिकी असं 'फुल डॅम्पिंग', म्हणजे सगळीकडे आतून आवाज मारणाऱ्या शीट चिकटवणं, 35 हजार. पोरगा म्हणाला, "मॅडम, मागून ट्रकने हॉर्न दिला तरी कळणार नाही." अरे बाबा, मला तो कळायला हवाय!

म्हणून विचार आहे की सुट्टीत स्वतःच करावं. पाने-पकड घरात आहेत, मिक्सरपासून पंख्यापर्यंत सगळं मीच उघडते. शिवणयंत्र आहे, तेव्हा सीट कव्हर आणि दाराच्या पॅडवरचं कापडही ह्याच फेरीत बदलायचंय. बजेट 10-12 हजार. शीट कुठली घ्यावी? सुरुवात दारांपासून करावी का? बाजारात काळ्या शीट शंभर प्रकारच्या दिसतात आणि दुकानदार सगळ्यांना 'इंपोर्टेड' म्हणतो.

टिंबटिंब

आधी टायर बघा. कडेला लंबगोलात चार आकडी छाप असतो. 2319 असेल तर 2019 चा 23 वा आठवडा. तेच मूळचे टायर असतील तर रबर कडक झालंय, काँक्रीटवर बोंबलणारच. बाकी चालू द्या.

चाकणचा_पाना

टिंबटिंब यांनी चार ओळींत निम्मा धागा संपवला. पण आमचा पगारच ह्या कामाचा होता. गाड्यांची कार्पेटं, छतं आणि दाराची पॅडं बनवणाऱ्या कारखान्यात हयात गेली. तेव्हा पाल्हाळ सहन करा.

ताई, आधी आवाज कुठला ते पकडा, पाकीट नंतर उघडा. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर उतरल्याबरोबर घरघर बदलली, तर ती टायरची. रस्ता कुठलाही असो, वेगाबरोबर हूं-हूं वाढते आणि लांब वळणावर एका बाजूला कमीजास्त होते, तर बेअरिंग दाखवून घ्या, तिथे शीटचं काही काम नाही. ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर आवाज पडला, तर इंजिन. आणि ऐंशीच्या पुढेच सुरू होणारी, आडव्या वाऱ्यात वाढणारी शीळ असेल, तर दाराची रबरं. रबरांची परीक्षा फुकटात होते. दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सुळकन निघाली तर त्या जागी रबर दबून सैल पडलेलं आहे. दुसरी परीक्षा: दारांच्या फटी बाहेरून मास्किंग टेपने बंद करा (ड्रायव्हरचं दार सोडून, नाहीतर बसणार कुठून!) आणि एक चक्कर मारा. आवाज गेला तर नवीन रबर, विषय बंद.

टायरचा आवाज साधारण 1000 हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात असतो. माणसाचं बोलणं कळायला लागणारी व्यंजनं त्याच्याच आजूबाजूला आणि वर. त्यामुळे आईंचा वैताग अगदी रास्त आहे. पंपावर हवा भरणारे सरसकट जास्त हवा ठोकून देतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्याच्यावरचा आकडा बघा आणि टायर थंड असताना तेवढीच ठेवा. फुगलेला टायर कडक होतो, आवाज वाढतो आणि पकडही कमी होते.

आता शीट. दुकानात 'डॅम्पिंग' म्हणून तीन वेगळी कामं एकत्र विकतात. पत्र्याची थरथर मारणं, बाहेरचा आवाज अडवणं, आत आलेला शोषणं. बुटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली 2 मिलिमीटरची शीट फक्त पहिलं काम करते. वाजत्या ताटावर बोट ठेवलं की ते गप्प होतं, तेवढंच. ती फॉइल चमकायला किंवा ऊन परतवायला नसते. पत्रा थरथरला की पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये बुटाइल चेंगरतं, ताणलं जातं आणि थरथरीची उष्णता होऊन जाते. म्हणून रोलरने दाबणं हेच खरं काम. फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. खाली हवा राहिली तर शीट नुसती वजनाची.

आणि पत्रा पूर्ण झाकू नका. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर पाव ते एक तृतीयांश जागा झाकली की बहुतेक फायदा मिळालेला असतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा, 'ठण्ण' होतं तिथे लावा, 'टप्प' होतं तिथे सोडा. चौरस मीटरला 3 किलोच्या आसपास वजन पडतं आणि ते बिजागऱ्यांनी उचलायचं असतं.

डांबरी शीट घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीच्या आत 60 अंश सहज होतात. उभ्या पत्र्यावर डांबर ओघळतं आणि वास महिनोन्महिने जात नाही. कंपन्याही डांबरी पट्ट्या वापरतात, पण फ्लोअरवर, आडव्या, आणि रंगाच्या भट्टीत भाजून पक्क्या चिकटवलेल्या. ती भट्टी आपल्या पार्किंगमध्ये कुठून आणणार? दुकानात शीटचा कोपरा सोलून हुंगा. डांबराचा वास आला की नमस्कार करून बाहेर पडा.

दारं करणार असाल तर हे सांभाळा. पॅड काढायला स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची पट्टी वापरा. हँडलच्या मागे आणि आर्मरेस्टच्या खोबणीत लपवलेले स्क्रू असतात, ते काढल्याशिवाय ओढू नका. क्लिपा तुटतातच, तुमच्या मॉडेलच्या दहाबारा आधीच आणून ठेवा. पॅडमागे पातळ प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला दिसेल. तो फाडून फेकू नका. काचेवरून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं, तशी रचनाच आहे, आणि ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो पडदा असतो. दाराच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनरने नाही. पिवळ्या प्लगच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात लावू नका. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोकळीतल्या हवेच्या दाबावर चालतो, म्हणून आतल्या पत्र्याची सगळी भोकं शीटने बंद करण्याचा उत्साह नको.

आणि आईंना पुढे बसवा. हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण मग कोणी पुढे वाचलं नसतं. हॅचबॅकची मागची सीट मागच्या चाकांवरच्या दोन मडगार्डांच्या मध्ये असते आणि डिकीला वेगळी भिंत नसते. मागचा सगळा आवाज तिथेच गोळा होतो. पुढे बसल्या तर त्यांचा उजवा कान तुमच्याकडे राहील आणि चेहराही दिसेल. यंत्र डिजिटल असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून गोंगाटासाठीचा वेगळा प्रोग्राम बसवून मिळतो का, तेही विचारा.

अर्धा_क्लच (रत्नागिरी)

पाना काका, सगळं पटलं, पण दारांवर इतकी शाई का? मी माझ्या गाडीची आधी दारं केली. स्पीकरचा ठेका सुधारला, दार लावताना भारदस्त आवाज यायला लागला, पाहुणे खूश. रस्त्याची घरघर होती तिथेच! फरक पडला तो डिकीचा तळ, स्टेपनीची खोलगट जागा आणि मागची मडगार्डं केल्यावर. तिथे फक्त बुटाइल लावून थांबलो नाही, वर 6 मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम घातला. हा फोम पाणी पीत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेतूनच पाणी गळतं, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी जिवाचा.

बाहेरचा आवाज अडवायला जड व्हिनाइलचा थर घालतात, तो मी टाळला. चौरस मीटरला 5 किलो वजन, आणि तो अखंड नसेल तर उपयोग नाही. शंभरात एक भागाएवढी फट राहिली तर तुमची भिंत कितीही जाड असो, 20 डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही. गाडीत वायरी, गिअर, सीटचे पाय एवढी भोकं असतात की घरी ते जमवणं अवघड.

ताई, कोणीतरी तुम्हाला जुनी गोधडी, जूटचं फेल्ट नाहीतर गादीचा फोम सुचवेल. ऐकू नका. ओल धरली की खालचा पत्रा गंजतो, उंदरांना बाळंतपणाची खोली मिळते, आणि गादीचा फोम पेटायला वेळ लागत नाही.

चाकणचा_पाना

मान्य. दारांबद्दल ताईंनी विचारलं म्हणून तिथे लांबलो. क्रम तुमचाच बरोबर: डिकी, मागची मडगार्डं, मग दारं. छत शेवटी, आणि तेही पावसाच्या ताशाचा त्रास होत असेल तरच. छताचं अस्तर काढताना एकदा चुणी पडली की ती कायमची. फ्लोअरबाबत मात्र माझं मत बदलत नाही. सगळ्या सीट काढून कार्पेट उचलणं हे पहिल्यांदा करणाऱ्याचं काम नाही. सीटखाली वायरी असतात, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळावे लागतात आणि तेवढं करून जे मिळतं ते कारखान्यातली भाजलेली पट्टी आधीच बरंचसं देत असते.

कडीपत्ता

सगळ्यांचे आभार! शनिवारी भाच्याला शेजारी बसवून चाचण्या उरकल्या. मोबाइलचं मीटर त्याच्या हातात. जालन्याला समृद्धी सोडून डांबरी रस्त्याला लागलो आणि घरघर लगेच उतरली, कानालाही कळलं. टेपने फारसा फरक नाही, नोट सगळीकडे घट्ट. टायरवर छाप 1119, म्हणजे मूळचेच. हवा स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा पाचने जास्त निघाली, ती कमी केली. शिवाय डिकीतून येणारा टणटणाट जॅकचा होता, तो फडक्यात गुंडाळून करकचून बांधला.

तर आता असं ठरतंय. बजेट थोडं ताणून चारही टायर बदलायचे. सुट्टीत डिकी आणि मागची मडगार्डं, बुटाइल आणि वर फोम. दारं पुढच्या वर्षी, पण मागचं डावं दार उघडून बघायची खाज आहेच. आई पुढे बसायला तयार झाली, अट एकच, एसीची झडप तिच्याकडे नको.

उरलेले प्रश्न: नवीन टायर रुंद घेतले तर गाडी शांत होते असं दुकानदार म्हणतो, खरं का? मोबाइलवर किती डेसिबल उतरले म्हणजे पैसे वसूल? आणि सीट कव्हर शिवताना काय बघायचं?

चाकणचा_पाना

रुंद टायर नको. मूळच्या मापाचाच घ्या. रुंदी वाढली की रस्त्याला घासणारं रबर वाढतं, आवाज सहसा वाढतोच, मायलेज जातं ते वेगळं. मोठ्या चौकोनी गोट्यांची, जीपला शोभणारी नक्षी टाळा. बारीक, लहान-मोठ्या तुकड्यांची नक्षी बघा. तुकडे वेगवेगळ्या लांबीचे असले की एकच सूर धरून राहत नाही.

मोबाइलचा आकडा खरा धरू नका, फक्त आधी आणि नंतरची तुलना करा. तोच रस्ता, तोच वेग, काचा वर, एसी बंद. 3 डेसिबल उतरले तर कानाला जेमतेम कळतं. आवाज निम्मा वाटायला 10 उतरावे लागतात, आणि घरी केलेल्या कामात 10 मिळाल्याचं कोणी सांगितलं तर त्याच्या मोबाइलवर संशय घ्या. टायर आणि डिकी मिळून तीन-चार मिळाले, तर मी तुमच्या जागी पेढे वाटेन.

सीट कव्हर शिवण्याआधी सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का बघा. असेल तर ती बाजू कव्हरने झाकायची नाही, मोकळी सोडायची. घरचा जाड दोरा तिथे उसवणार नाही आणि बॅग वेळेवर बाहेर येणार नाही. डोकं टेकायच्या उशीची भोकं आणि बेल्टच्या कडीची जागा आधी कागदावर कापून बसवून बघा. दाराच्या पॅडला कापड चिकटवायला साधा फेव्हिकॉल चालत नाही, उन्हात सुटतो. उष्णता सहन करणारा रबरी चिकट घ्या, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा झाला की मगच जोडा.

ते एक दार उघडायचंच असेल तर काच पूर्ण वर ठेवून काम करा. शीट लावून झाली की काच खालीवर करून कुठे घासत नाही ना ते तपासा. पडदा धरून ठेवणारा काळा चिकट दोरा हेअर ड्रायरने ऊब दिली की पुन्हा चिकटतो, नवीन घ्यायची गरज नाही. पॅड लावायच्या आधी बाहेरून काचेवर दोनतीन तांबे पाणी ओता. ते दाराच्या खालच्या भोकांतून फरशीवर पडलं पाहिजे आणि पडद्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर बोट कोरडं निघालं पाहिजे. ओलं निघालं तर पॅड लावू नका, दोरा परत दाबा आणि पुन्हा पाणी ओता.