विंडोज १० चे सुरक्षा-अपडेट घ्यावेत, की रुग्णांची माहिती जपावी?

प्रश्न — दांडिया बाजार, बडोदे

बाबांच्या दवाखान्यातील २०१३ पासूनच्या सर्व रुग्णांच्या नोंदी एकाच संगणकावर आहेत. त्यात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसल्यामुळे विंडोज ११ बसत नाही आणि नोंदींचे सॉफ्टवेअर विंडोजखेरीज कशावरच चालत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले; पुढचे हवे असतील तर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते. बाबा त्याला तयार नाहीत. लोकांनी विश्वासाने सांगितलेली दुखणी कुणा कंपनीच्या हाती लागू नयेत, असे ते म्हणतात आणि ते मला पटते; पण अपडेटविना हे यंत्र इंटरनेटला जोडून ठेवण्याचीही भीती वाटते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर — राजवाडा, इंदूर

ताई, खात्याने नोंदणी केली म्हणून रुग्णांच्या फायली आपोआप बाहेर जात नाहीत. त्या जातात वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने) डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर आपल्याकडे घेतले तर, आणि खात्याने लॉगिन करताना तो पर्याय नकळत सुरू होऊ शकतो, म्हणून तो आधी बंद करावा. विनाशुल्क नोंदणीत सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवावा लागतो. तीस डॉलर भरले, तर नोंदणीपुरते खाते वापरून संगणकावर रोजचे लॉगिन स्थानिक (फक्त त्याच संगणकापुरत्या) खात्यानेच ठेवता येते. डायग्नोस्टिक डेटा, म्हणजे विंडोज मायक्रोसॉफ्टला पाठवते ती संगणकाच्या वापराची माहिती, मात्र घरगुती आवृत्तीत पूर्ण बंद होत नाही. तो ‘आवश्यक’ या किमान पातळीवर ठेवावा. जाहीर झाल्याप्रमाणे ही वाढीव अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.

उत्तर — लष्कर, ग्वाल्हेर

बाबांचा अविश्वास निराधार नाही. जुलै २०१९ मध्ये विंडोज ७ साठी ‘केवळ सुरक्षा’ म्हणून दिलेल्या अपडेटमध्ये संगणकाची सुसंगतता तपासून माहिती पाठवणारा घटकही आला होता, आणि त्यावर अनेकांनी उघड नाराजी व्यक्त केली. तरीही अपडेट बंद करणे हे त्याचे उत्तर नव्हे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस १२ मे २०१७ रोजी पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती; ती न घेतलेल्या यंत्रांवरील फायली कुलूपबंद झाल्या, आणि त्यांत विंडोज ७ ची यंत्रे सर्वाधिक होती. रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ही नोंदच हरवली, तर गोपनीयता जपून काय उपयोग?

माझ्या मते नोंदींचा संगणक इंटरनेटपासून कायमचा तोडावा, वाय-फायसुद्धा काढावे. मेल आणि प्रयोगशाळेचे अहवाल यांसाठी दुसरा जुना लॅपटॉप लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) बसवून ठेवावा. मग धोक्याची वाट मुख्यतः पेनड्राइव्हची उरते, म्हणून तो एकच आणि याच कामापुरता असावा. नोंदींच्या प्रती व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने कूटबद्ध (पासवर्डशिवाय न वाचता येणाऱ्या) करून दोन वेगळ्या डिस्कवर, त्यांतली एक घरी, ठेवाव्यात.

उत्तर — राजवाडा, इंदूर

हे माझ्या सल्ल्यापेक्षा चांगले आहे. फक्त तार काढण्यापूर्वी ते सॉफ्टवेअर परवान्याच्या तपासणीसाठी इंटरनेट मागते का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ती — दांडिया बाजार, बडोदे

विचारले, परवाना संगणकातच नोंदलेला आहे, इंटरनेट लागत नाही. येत्या रविवारी दवाखाना बंद असताना आधी दोन्ही डिस्कवर प्रती घेऊन त्या उघडतात की नाही हे तपासीन, मगच तार काढीन. बाबांना ‘नोंदी इथून बाहेर जाणार नाहीत’ एवढे सांगितले, तेव्हा ते लगेच तयार झाले.