'मुक्तिदिन' की 'स्वातंत्र्यदिन'?

डिचोलीचा: १९ डिसेंबरच्या कार्यक्रमाची पत्रिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मी 'गोवा मुक्तिदिन' लिहिलं तर वाड्यावरच्या एका ज्येष्ठांनी लाल पेनाने खोडून 'स्वातंत्र्यदिन' केलं. म्हणाले, मुक्ती मेल्यावर मिळते, आणि दावं सोडलं की वासरू मुक्त होतं, आम्ही काय वासरं होतो? काय ठेवू? पत्रिका उद्या छापायला जायचीय.

फोंड्याची: मुक्तिदिनच. स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्टचा. १९६१ ला आपण वेगळा देश झालो नाही, ४५१ वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीतून सुटून भारतात आलो.

पेडण्याचा: ४५१ वर्षं फक्त तिसवाडीची, म्हणजे पणजीकडच्या भागाची, म्हणा हो. आमचं पेडणं त्यांच्याकडे गेलं अठराव्या शतकाच्या शेवटी. बाकी मला त्या ज्येष्ठांचं पटतं. मुक्ती म्हटलं की कोणीतरी येऊन सोडवलं असं वाटतं. सैन्याने दीड दिवसात काम केलं हे खरंच, पण १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली, १९५५ ला सीमेवरच्या पत्रादेवीला हातात काठीसुद्धा नसलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, ते सगळं कुठे जातं? आमचे आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते, तिथली कोंड्यासकट पेज आठवली की जेवताना मध्येच थांबायचे.

फोंड्याची: मराठवाडा मुक्तिसंग्राम म्हणतोच ना आपण? तिथे कोणाला मोक्ष आठवतो?

पेडण्याचा: तिथे 'संग्राम' शब्द आहे! तेच तर म्हणतोय.

साष्टीकार: आमच्या घरात दोन्ही नाही, सगळे 'लिबरेशन'च म्हणतात. आई लिबरेशनच्या आदल्या वर्षी जन्मली, घर लिबरेशननंतर बांधलं, असंच बोलतो. शुद्ध मराठीचा आग्रह धरून तोंडातला शब्द कशाला काढायचा?

फोंड्याची: बोला की, पण पत्रिकेवर मराठीच हवं. आणि मुक्तिदिन ऱ्हस्वच, दरवर्षी बॅनरवर 'मुक्तीदिन' बघून जीव तुटतो.

साष्टीकार: आज्जी त्या आधीच्या दिवसांना 'पाखल्यांचा काळ' म्हणायची. पाखले म्हणजे पोर्तुगीज. टोपीत पीस खोवायचे म्हणून पाख, त्यावरून पाखलो, असं तिचं म्हणणं.

पेडण्याचा: हे काही पटत नाही. पीस तर बऱ्याच जणांच्या टोपीत असायचं, मग फिरंगी वेगळा का? आमच्याकडे गोऱ्या रंगाच्या पोरालाही पाखलो म्हणतात, त्याच्या डोक्यावर कुठे टोपी असते?

साष्टीकार: रंगाचा अर्थ नंतर चिकटला असेल. आधी टोपीच.

डिचोलीचा: अहो पण पत्रिकेवर काय लिहू?

पेडण्याचा: ते बघू. आधी सांगा, डिचोलीत पाखलो म्हणतात की पाकलो?