मदत हवी आहे: गाडी लागणारी मुलगी, रडणारा धाकटा आणि लांबचा प्रवास

पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन गाडीने दिवसभराचा प्रवास आहे. मुलगी पाच वर्षांची, तिला गाडी लागते. नजर पुस्तकावर किंवा मोबाइलवर स्थिर आणि कानाला हालचाल जाणवते, त्यातूनच मळमळ वाढते, म्हणून स्क्रीन देणार नाही. मग खिडकीबाहेर बघत तिला कसं रमवायचं? निघण्याआधी किती खायला द्यावं? औषध डॉक्टरांना विचारूनच देईन.

धाकटा दीड वर्षाचा. लहान मुलांच्या पट्ट्यांच्या कार सीटमध्ये रडला की सगळे म्हणतात, घे मांडीवर. ते मला अजिबात पटत नाही. जोरात ब्रेक लागला तर हातांनी मूल धरून ठेवता येत नाही. त्याला सीटमध्येच शांत कसं ठेवता?

दर दोन तासांनी थांबणार आहोतच. पहाटे निघावं की रात्री? रात्री मुलं झोपतील, पण चालवणाऱ्याच्या झोपेची मला जास्त काळजी वाटते.