निवृत्तीचे दिवस मोजणाऱ्या गुरुजींना

खडूवाले: काल एका गुरुजींनी लिहिलं की हजेरीपटाच्या मागच्या पानावर निवृत्तीपर्यंतच्या तारखा आखल्यात, रोज एक खोडतात. 'सुटका जवळ आली' म्हणे! खाली अभिनंदनाची रांग. मला खटकलं. चौथीच्या पोरांना कळत नाही असं वाटतं का? गुरुजी मनानं गेले की वर्गाला बरोबर वास लागतो. मीही जिल्हा परिषदेचाच, माझीही थोडीच वर्षं राहिलीत. मतदार यादीचं बीएलओचं काम, पोषण आहाराचा हिशोब सगळ्यांनाच आहे. पगार शेवटपर्यंत पूर्ण घेता ना? मग शिकवाही पूर्ण.

एकजूनवाला: तो मीच. तारखा शाळा सुटल्यावर खोडतो, परिपाठाला नाही. पोषण आहार तुम्ही एका दमात उरकलात. आमची शाळा दोनशिक्षकी. तांदूळ मोजून द्यायचा, मग ॲपवर माहिती भरायची. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. मी तिकडे मोबाईल वर धरून उभा, इकडे दोन वर्ग मोकाट. मी शिकवण्याला कंटाळलो नाही, या भरण्याला कंटाळलोय. आणि जन्मतारीख १ जून, तेव्हाच्या हेडमास्तरांची कृपा! म्हणजे ३१ मेला निवृत्त, ऐन सुट्टीत. निरोपाला पोरं नसणार, कुलूप असणार.

विनाअनुदानितग्रस्त: दिवस मोजायची चैन पेन्शनवाल्यांची. जुनी पेन्शन बंद झाली १ नोव्हेंबर २००५ ला. माझी नेमणूक त्याच्या आधीची, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर आली नंतर. म्हणून १९८२ च्या नियमांची ती जुनी पेन्शन नाही. आधीची वर्षं काय मी गोट्या खेळत होतो? तुम्ही ५८ ची वाट बघता, मला ५८ ची धडकी भरते. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ च्या संपात आम्ही उन्हात बसलो तेव्हा जुन्या पेन्शनवाले किती जण मंडपात दिसले?

खडूवाले: विषय पेन्शनचा नाही.

विनाअनुदानितग्रस्त: तुमचा नसेल! भरल्या पोटी विषय वेगळे काढता येतात.

एकजूनवाला: मंडपात मी होतो. उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

सोलापूरची आई: तुमची भांडणं चालू द्या. माझ्या लेकीचे सर शेवटच्या वर्षी सेवापुस्तक काखेत मारून सारखे पंचायत समितीत. वर्ग शेजारच्या बाईंकडे. तिचा भागाकार अजून कच्चा आहे, ते कोण भरून देणार?

एकजूनवाला: ताई, मुलीचं नुकसान झालं हे खरं. पण वेतननिश्चितीत जुनी चूक निघाली की वसुली लागते आणि पेन्शनचा कागद अडकतो. घरी बसून पडताळणी होत नाही हो.

सोलापूरची आई: मग रजा टाकून जा की. सही करून का जाता?

टीईटीवाली बाई: दिवस मोजायला मला तर कोर्टानंच लावलं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेले टीईटीतून, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेतून, सुटले, पदोन्नती नको असेल तर. मी काही महिन्यांनी अडकले. पन्नाशीनंतर रात्री बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवतेय, सूनबाई चहा देताना हसते. खडूवाले, तुमची नक्की किती वर्षं राहिलीत?

खडूवाले: चार.

टीईटीवाली बाई: वाटलंच. सुटलेल्यांना उपदेश सुचतो.

खडूवाले: बरं बाई, मी नशीबवान. टाकीपाशीची रेंजही मान्य. पण तारखा घरच्या कॅलेंडरवर खोडा, हजेरीपट सरकारी कागद आहे.

एकजूनवाला: मागचं पान उलटून बघणारे साहेब अजून जन्माला यायचेत. तुम्हीच या तपासणीला. येताना टाकीवर चढायची तयारी ठेवा.