दहा वर्षं झाली म्हणून कॉम्प्रेसर भंगारात?

घनदाब
"दहा वर्षांपुढचा कॉम्प्रेसर दुरुस्त करणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, सरळ नवा स्क्रू आणा" असं टाकीतळ यांनी ठणकावलंय, आणि खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. (स्क्रू म्हणजे मळसूत्री रोटरने हवा दाबणारा कॉम्प्रेसर; इथे दुरुस्तीची गोष्ट चाललीय ती पिस्टनवाल्याची.) वय बघूनच निकाल द्यायचा तर गेज शोभेला लावलाय का?

आधी मोजा. टाकी पूर्ण रिकामी करा, बाहेरचा कॉक बंद, घड्याळ हातात. 1 बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब, म्हणून 220 लिटरची टाकी शून्यापासून 8 बारपर्यंत भरणं म्हणजे 1,760 लिटर मोकळी हवा. साडेतीन मिनिटांत भरली तर पंप मिनिटाला 500 लिटर देतोय. सात मिनिटं लागली तर निम्मी. निम्मी झाली म्हणजे पंप मेला असंही नाही. सक्शन फिल्टर काढून तोंडाशी तळहात धरा. हवा उलटी फुंकली जात असेल तर पहिल्या स्टेजचा (हवा दाबण्याच्या पहिल्या टप्प्याचा) सक्शन रीड, म्हणजे हवा आत घेणारी पातळ पट्टीची झडप, तुटलाय किंवा कार्बनमुळे बसत नाही. दोन स्टेजमध्ये हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतोय? दुसऱ्या स्टेजचे व्हॉल्व्ह बघा. मोटर थांबल्यावरही प्रेशर स्विचखाली फुसफुस चालूच राहते? लोक स्विच बदलतात, बिघडलेला असतो टाकीच्या तोंडाचा, हवा उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. यातलं काहीही वयामुळे भंगारात जात नाही.

टाकीतळ
पंपाचं कौतुक झालं. आता टाकीखाली वाका. ड्रेन कॉक रोज न उघडल्याने पाणी साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरचा रंग मात्र शाबूत. वर रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट, बेअरिंग घालून चकाचक करायचं आणि खाली पापुद्रा? माझा मुद्दा तोच होता, तुम्ही फक्त "दहा वर्षं" वाचलंत.

घनदाब
लिहिलंत "दहा वर्षं", तर तेच वाचणार. तळाची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजता येते: तळरेषेवर, ड्रेनभोवती, पायांच्या वेल्डिंगजवळ. आकडा किमान जाडीच्या खाली गेला तर टाकी बाद. बरा असेल तर पाणी भरून, दाब देऊन हायड्रो टेस्ट. आणि टाकी बाद झाली तरी पंप-मोटर उचलून नव्या टाकीवर बसतात की.

पट्टा_सैल
सुईएवढं भोक असेल तर वेल्डिंगचा एक टिपका पुरतो. उगाच घाबरवू नका.

टाकीतळ
हे वाचून कुणी खरंच टिपका मारला तर? भोक पडलंय म्हणजे आजूबाजूचा पत्रा कागद झालाय. टिपक्याच्या कडेलाच पुढची चीर जाते. 220 लिटर 8 बारला म्हणजे एक टन वजन वीस मीटर वर उचलेल एवढी ऊर्जा. असला सल्ला देण्यापेक्षा गप्प बसा.

तेलकट
भांडा सावकाश. रीडवर कार्बन आला कुठून हे एकानेही विचारलं नाही. क्रँककेसमध्ये (पंपाच्या तेलाच्या पोटात) 20डब्ल्यू40 इंजिन ऑइल ओतणाऱ्यांमुळे. कॉम्प्रेसरला व्हीजी 100 घट्टपणाचं कॉम्प्रेसर ऑइल लागतं.

पट्टा_सैल
घट्टपणा दोघांचा जवळपास सारखाच असतो. काही उत्पादक पुस्तिकेत साधं एसएई 30 चालेल म्हणून लिहितात.

तेलकट
घट्टपणाबद्दल बोलतंय कोण? इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट मळ तरंगत ठेवतं, म्हणजे फिल्टरने तो पकडावा. तेलाच्या नुसत्या शिंतोड्यावर चालणाऱ्या पंपात फिल्टर कुठाय? तोच मळ बेअरिंगमधून फिरतो. शिवाय डिटर्जंट पाण्याशी मिसळून पांढरट लोणी करतं. तेलाची पातळी दाखवणारी काच बघा, दुधाळ दिसलं की समजा. आणि पुस्तिकेत एसएई 30 च्या शेजारी "डिटर्जंटविरहित" लिहिलेलं असतं, ते वाचायचं राहिलं वाटतं.

पट्टा_सैल
पांढरट होतं कारण पंप गरमच होत नाही, दोन मिनिटं चालून बंद. तेलाला कशाला शिव्या? आणि तेल जास्त भरलं तर व्हीजी 100 सुद्धा वर चढून कार्बन करतंच.

तेलकट
जास्त भरण्याचं खरं आहे. काचेच्या मध्यापर्यंतच. बाकी नाही.

घनदाब
दोन मिनिटं चालून बंद, हे बरं निघालं. "सरळ स्क्रू आणा" वाल्यांनी ऐका: स्क्रूला सलग काम लागतं. काम तुटक असेल तर तेल तापत नाही, ओल तेलातच राहते आणि एअर-एंडच्या (हवा दाबणाऱ्या रोटरच्या भागाच्या) बेअरिंगची वाट लागते. रिकामा फिरतानाही तो पूर्ण भाराच्या चौथाईहून जास्त वीज खातो. हवा शून्य.

टाकीतळ
आणि दिवसभर न थांबता फिरणारा पिस्टन? तो तेवढ्यासाठी बनलेलाच नाही. हवेच्या लाइनमधल्या भोकांची गळती आधी मोजा: 7 बारला 1 मिलिमीटरचं एक भोक मिनिटाला साठ-सत्तर लिटर घालवतं. गळती बंद करूनही मोटर थांबत नसेल तर स्क्रूच. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) चरे पडून खराब, भारावर बिग-एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा) ठोका, वर पार्ट मिळत नाहीत, अशा पंपालाही ओवाळत बसणार का?

घनदाब
नाही, तो काढाच. फक्त ठोका ऐकून क्रँक खोलण्याआधी पुलीची चावी (पुली शाफ्टवर धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) आणि बोल्ट तपासा. सैल पुली हुबेहूब तसाच आवाज करते.

टाकीतळ
बरं महाराज, "दहा वर्षं" खोडतो. "जाडी मोजेपर्यंत दमडी घालू नका" असं लिहितो. खूश?

तेलकट
उन्हाळ्यात व्हीजी 150 घालावं का, याचं कुणीच बोललं नाही.